वरळी व हाजीअली येथील प्रवाळ

वरळी व हाजीअली येथील प्रवाळ हे मुंबई शहराच्या पश्चिम किनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकांवर वाढणारे लहान आकाराचे कठीण प्रवाळ होत. त्यांतील ओळख पटलेले प्रवाळ ऱ्हायझँजिइडी या कुलातील असून त्यांत ऊलँजिया या प्रजातीचा समावेश आहे. मुंबई किनारी रस्ता प्रकल्पाच्या निमित्ताने या प्रवाळांचे सर्वेक्षण झाले आणि इ.स. २०२० मध्ये त्यांच्या १८ वसाहती मूळ जागेवरून हलवण्यात आल्या. हे प्रवाळ उथळ व उबदार पाण्यात राहत असले, तरी त्यांची उपजीविकेची रीत खोल समुद्रातील थंड पाण्याच्या प्रवाळांसारखी आहे. त्यामुळे त्यांचे स्वरूप समजून घेताना खोल समुद्रातील प्रवाळांच्या अभ्यासाचा विचार करावा लागतो.

प्रवाळ आणि पोवळे

मराठीत ‘पोवळे’ हा शब्द प्रामुख्याने दागिन्यांतील लाल रत्नासाठी रूढ आहे. नवरत्नांत गणले जाणारे हे पोवळे भूमध्य समुद्रात वाढणाऱ्या लाल प्रवाळाचा सांगाडा होय. हा प्रवाळ अष्टभुज प्रवाळांच्या गटात मोडतो. म्हणजे त्याच्या प्रत्येक जीवाला आठ स्पर्शिका असतात. कठीण किंवा दगडी प्रवाळ मात्र स्क्लेरॅक्टिनिया या वेगळ्या गणातील आहेत आणि त्यांच्या स्पर्शिका सहाच्या पटीत असतात. वरळीचे प्रवाळ या दुसऱ्या गणातील होत. त्यांना रत्न म्हणून काहीही मोल नाही.

लाल प्रवाळ मंद प्रकाशाच्या जागी, कपारींत व खोल पाण्यात वाढतो आणि त्याच्या शरीरात शैवाल नसते. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांत ज्या प्रवाळाची ओळख आहे, तोही सूर्यप्रकाशाच्या आधाराने जगणाऱ्यांपैकी नाही.

स्थान व परिसर

वरळी हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या हॉर्नबी वेलार्ड या बांधामुळे वरळी व मुंबई या बेटांमधील खाडीचे तोंड बंद झाले आणि आजची वरळी ते महालक्ष्मी ही किनारपट्टी आकारास आली. वरळीची टेकडी ज्वालामुखीजन्य खडकांची आहे. त्या खडकांच्या थरांमधील गाळाच्या दगडांत बेडकांचे जीवाश्म सापडल्यामुळे वरळीचे नाव एकोणिसाव्या शतकातच भूशास्त्रज्ञांना परिचित झाले होते.

किनाऱ्यालगत याच कठीण काळ्या खडकाची खडपे समुद्रात शिरलेली आहेत. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाणाच्या भरतीनंतर पाणी खूप मागे हटते, तेव्हा ही खडपे उघडी पडतात. त्यांवर कालवे, शिंपले, समुद्रफुले, स्पंज, खेकडे आणि शेवाळ यांची दाट वस्ती असते. वरळी कोळीवाड्यातील रहिवाशांना या खडपांची ओळख फार जुनी आहे. ओहोटीच्या वेळी खडपांवर जाऊन कालवे व शिंपल्या गोळा करणे हा किनाऱ्यावरील कुटुंबांच्या उपजीविकेचा एक भाग राहिला आहे.

हे पाणी प्रवाळांना सोयीचे मानले जात नाही. त्यात गाळ भरपूर असतो. पावसाळ्यात गोड्या पाण्याच्या लोंढ्यांमुळे क्षारता घटते. शिवाय शहराचे सांडपाणी याच समुद्रात सोडले जाते. लक्षद्वीपच्या नितळ पाण्यातील प्रवाळभित्तींसारखे दृश्य येथे दिसत नाही, ते त्यामुळेच. तरीही काही प्रवाळ येथे टिकून आहेत.

शरीररचना व जीवनक्रम

प्रवाळ हा प्राणी आहे. वनस्पती नव्हे आणि दगडही नव्हे. जेलीफिश व समुद्रफुले यांच्याप्रमाणे तो दंशकोशिका असलेल्या प्राण्यांच्या संघात मोडतो. त्याच्या एका जीवाला ‘पॉलिप’ म्हणतात. पॉलिप म्हणजे मऊ नळकांड्यासारखे शरीर. वरच्या बाजूस तोंड आणि तोंडाभोवती स्पर्शिकांचे कडे असते. खालच्या बाजूने तो समुद्राच्या पाण्यातील द्रव्ये घेऊन कॅल्शियम कार्बोनेटचा पेला घडवतो. या पेल्याच्या आत चाकाच्या आऱ्यांसारखे पडदे असतात. प्राणी मेल्यावर मऊ भाग नाहीसा होतो आणि पेला उरतो. प्रवाळांची ओळख पटवताना शास्त्रज्ञ मुख्यतः या पेल्यातील पडद्यांची संख्या व रचना पाहतात.

ऱ्हायझँजिइडी कुलातील प्रवाळांचे पेले लहान असतात. खडकाला चिकटून पसरणाऱ्या पातळ तळपट्टीने ते एकमेकांना जोडलेले असतात. ते मोठमोठ्या भित्ती उभारत नाहीत. खडकाच्या खालच्या बाजूस, कपारीत किंवा सावलीत त्यांची छोटी वसाहत असते. ओहोटीच्या वेळी स्पर्शिका आत ओढलेल्या असल्यामुळे अनभ्यस्त दृष्टीला ते खडकावरील खरखरीत ठिपक्यांसारखे भासतात आणि सहज पायाखाली येतात.

शैवालविरहित प्रवाळ व थंड पाण्यातील प्रवाळ

पाठ्यपुस्तकांत वर्णन केलेले बहुतेक प्रवाळ उष्ण कटिबंधातील उथळ पाण्यात राहतात. त्यांच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवाले असतात. शैवाले सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. त्या बदल्यात प्रवाळ शैवालांना निवारा देतो. पाणी फार तापले की ही सोबत तुटते, प्रवाळ पांढरा पडतो व कालांतराने मरूही शकतो. यालाच प्रवाळांचे विरंजन म्हणतात.

परंतु कठीण प्रवाळांच्या ज्ञात जातींपैकी जवळजवळ निम्म्या जातींमध्ये अशी शैवाले नसतात. त्यांना शैवालविरहित प्रवाळ म्हणतात. सूर्यप्रकाशाचे बंधन नसल्यामुळे ते किनाऱ्यापासून हजारो मीटर खोलीपर्यंत कोठेही राहू शकतात. प्रवाहाबरोबर येणारे सूक्ष्म जीव आणि वरून झिरपत येणारे सेंद्रिय कण स्पर्शिकांनी पकडून ते पोट भरतात.

खोल समुद्रातील थंड पाण्याचे प्रवाळ याच वर्गातील आहेत. त्यांतील भित्ती उभारणाऱ्या जाती साधारणतः ४ ते १२ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात आढळतात. त्यांत लोफेलिया पर्टुसा ही जाती विशेष प्रसिद्ध आहे. अलीकडच्या वर्गीकरणात तिला डेस्मोफिलम पर्टुसम असे नाव दिले आहे. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ इ.स. २००२ मध्ये सापडलेली रॉस्ट प्रवाळभित्ती ३०० ते ४०० मीटर खोलीवर असून तिची लांबी ३५ किलोमीटरांहून अधिक आहे. अशा भित्तींच्या फांद्यांमध्ये मासे, शेवंड, ठिसूळ तारामासे व स्पंज यांना आसरा मिळतो. लोफेलियाची वाढ वर्षाला काही मिलिमीटर ते अडीच सेंटिमीटर इतकीच होते. त्यामुळे समुद्रतळ खरवडत जाणारे ट्रॉलरचे जाळे एकदा फिरले, तर हजारो वर्षांत उभी राहिलेली रचना काही तासांत मोडते. हा धोका ओळखून नॉर्वेने इ.स. १९९९ मध्ये सुला प्रवाळभित्तीच्या क्षेत्रात तळ-ट्रॉलिंगवर बंदी घातली.

ऊलँजियाच्या शरीरातही झूझँथेली नसतात. त्यामुळे गढूळ पाण्यात प्रकाश कमी पोहोचला, तरी तेवढ्याने त्याची उपासमार होत नाही. मात्र साम्य येथेच संपते. मुंबईचे समुद्रजल वर्षभर उबदार असते, म्हणून वरळीच्या प्रवाळांना ‘थंड पाण्याचे प्रवाळ’ म्हणणे चुकीचे ठरेल. साम्य आहे ते अंधारात किंवा अंधुक उजेडात, शैवालाच्या मदतीवाचून जगण्याच्या रीतीत. वाढीची मंद गती आणि एकदा उखडल्यावर पुन्हा मूळ धरण्यातील अडचण हेही दोहोंबाबत विचारात घ्यावे लागते.

खोल समुद्रातील प्रवाळांच्या मोहिमा

समुद्रात ठरावीक खोलीपलीकडे जीवसृष्टी नसावी, असा समज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रचलित होता. ब्रिटनच्या चॅलेंजर मोहिमेने (इ.स. १८७२ ते १८७६) तो पुरता खोडून काढला. त्या मोहिमेत सापडलेल्या खोल समुद्रातील प्रवाळांचे वर्णन हेन्री मोझली यांनी केले.

भारतीय समुद्रांतील या अभ्यासाचा मुंबईशी थेट संबंध आहे. भारतीय सागरी सर्वेक्षणाची ‘इन्व्हेस्टिगेटर’ ही लाकडी, चाकांची आगबोट मुंबईच्या गोदीत बांधली गेली आणि इ.स. १८८१ मध्ये पाण्यात उतरली. तिचे मुख्य काम किनाऱ्यांचे व बंदरांचे नकाशे तयार करण्याचे होते. परंतु बोटीवर एक वैद्य असे आणि त्याने प्राणिशास्त्राचाही अभ्यास करावा, अशी व्यवस्था करण्यात आली. त्या पदाला ‘सर्जन-नॅचरलिस्ट’ म्हणत. इ.स. १८८८ मध्ये या पदावर आलेल्या आल्फ्रेड अल्कॉक यांनी खोल पाण्यात जाळी सोडून मासे, खेकडे व प्रवाळ यांचा मोठा संग्रह केला. पुढे ते कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयाचे अधीक्षक झाले. ‘इन्व्हेस्टिगेटर’ने जमवलेल्या खोल समुद्रातील कठीण प्रवाळांवरील त्यांचा ग्रंथ इ.स. १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच पदावर पुढे काम केलेले सेमूर सेवेल यांनी इ.स. १९३३-३४ मधील जॉन मरे मोहिमेचे नेतृत्व केले. ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून ही मोहीम अरबी समुद्रात फिरली. तिच्यात गोळा झालेल्या प्रवाळांवरील स्टॅन्ली गार्डिनर व वॉ यांचे शोधनिबंध इ.स. १९३८ व १९३९ मध्ये प्रकाशित झाले. अरबी समुद्रात सुमारे १५० ते १२०० मीटर खोलीच्या दरम्यान प्राणवायू अत्यल्प असलेला पाण्याचा जाड थर आहे. खोल समुद्रातील जीवांचे येथील वितरण समजून घेताना हा थर लक्षात घ्यावाच लागतो.

या जुन्या मोहिमांची पद्धत आंधळी होती. लोखंडी चौकटीचे जाळे दोराने तळावर सोडायचे, ओढायचे आणि वर आलेले तुकडे तपासायचे. प्रवाळ कोणत्या स्थितीत उभा होता, त्याच्या शेजारी कोण राहत होते, हे कळण्यास मार्ग नव्हता. आणि पाहण्यासाठी तो मोडावाच लागत असे. आता दूरनियंत्रित पाणयाने व कॅमेरे यांमुळे प्रवाळाला हात न लावता त्याचे निरीक्षण शक्य झाले आहे. भारताने इ.स. २०२१ मध्ये मंजूर केलेल्या सखोल महासागर मोहिमेत माणसांना ६,००० मीटर खोलीपर्यंत नेणारे ‘मत्स्य ६०००’ हे पाणयान विकसित करण्याचे काम अंतर्भूत आहे.

महाराष्ट्राच्या समुद्रातील सर्वांत मोठे प्रवाळक्षेत्र म्हणजे आंग्रिया बँक. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावर असलेल्या या बुडालेल्या पठाराला आंग्रे घराण्याचे नाव आहे. तेथील प्रवाळ मात्र प्रामुख्याने सूर्यप्रकाशावर अवलंबून असणारे आहेत.

कायदेशीर दर्जा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत इ.स. २००१ मध्ये प्रवाळांचा समावेश करण्यात आला. वाघाला जे सर्वोच्च संरक्षण आहे, तेच या अनुसूचीतील प्राण्यांना मिळते. अनुसूचीत ‘भित्ती उभारणारे प्रवाळ’ असा उल्लेख असला, तरी त्यापुढे कंसात स्क्लेरॅक्टिनिया गणातील सर्व प्रवाळ असे स्पष्ट केलेले आहे. या कंसामुळेच भित्ती न उभारणारे वरळीचे लहानसे प्रवाळही कायद्याच्या कक्षेत येतात. त्यांना पूर्वपरवानगीवाचून हलवणे, तोडणे किंवा बाळगणे हा गुन्हा ठरतो.

सर्वेक्षण व स्थलांतर

बृहन्मुंबई महानगरपालिकेचा किनारी रस्ता प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या वरळी टोकापर्यंत सुमारे १०.५८ किलोमीटर लांबीचा आहे. त्यासाठी शंभर हेक्टरांहून अधिक क्षेत्रात भराव घालण्यात आला. प्रकल्पाचे काम इ.स. २०१८ मध्ये सुरू झाले. त्याच सुमारास ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या गटाने ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फिरून तेथील जीवांची छायाचित्रांसह नोंद करण्याचा उपक्रम चालवला होता. हाजीअली व वरळीच्या खडपांवरील प्रवाळांकडे लोकांचे लक्ष वेधले जाण्यात अशा नोंदींचा वाटा मोठा होता.

इ.स. २०१९ च्या जुलै महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाला मिळालेली सागरी किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी रद्द केली. पर्यावरणीय मंजुरीबरोबरच वन्यजीव अधिनियमाखालील परवानगीही आवश्यक असल्याचे न्यायालयाने म्हटले. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निर्णयास स्थगिती देऊन काम पुढे चालू ठेवण्यास मुभा दिली. प्रवाळांच्या बाबतीत गोव्यातील दोनापावला येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे तांत्रिक साहाय्य घेण्यात आले. वरळी येथे ०.२५१ चौरस मीटर आणि हाजीअली येथे ०.११ चौरस मीटर इतक्या क्षेत्रावर प्रवाळ असल्याची नोंद झाली. दोन्ही मिळून हे क्षेत्र साठ सेंटिमीटर बाजूच्या चौकोनाएवढे भरते.

आवश्यक परवानग्यांनंतर इ.स. २०२० मध्ये १८ वसाहतींचे स्थलांतर करण्यात आले. वरळी येथील प्रवाळांसाठी कुलाब्याच्या नेव्हीनगर परिसरातील किनारा निवडण्यात आला. अशा कामात प्रवाळ सुटा काढत नाहीत. तो ज्या खडकावर आहे त्या खडकाच्या तुकड्यासह उचलला जातो. वाहतुकीत त्याला समुद्राच्या पाण्यात ठेवावे लागते. नव्या जागेची खोली, पाण्याचा प्रवाह, गाळ आणि ओहोटीला उघडे पडण्याचा काळ या बाबी मूळ जागेशी शक्य तितक्या मिळत्याजुळत्या असाव्या लागतात. ऊलँजियासारख्या सावलीत राहणाऱ्या प्रवाळाला खडकाची कोणती बाजू वर ठेवली जाते, हेही महत्त्वाचे असते.

मतभेद व मूल्यमापन

या स्थलांतराकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. एका दृष्टीनुसार क्षेत्र अत्यल्प होते, प्रवाळ सामान्य जातींचे होते आणि ते भरावाखाली गाडले जाण्यापेक्षा दुसरीकडे नेणे श्रेयस्कर होते. कायद्याने संरक्षित प्राण्यांची दखल घेऊन मगच काम करण्याचा पायंडाही यातून पडला.

दुसऱ्या दृष्टीनुसार १८ वसाहती हलवल्या म्हणजे अधिवास वाचला असे होत नाही. प्रवाळ हा खडपांवरील एका मोठ्या समूहाचा घटक असतो. स्पंज, कालवे, कपारींतील खेकडे व माशांची पिल्ले यांचे स्थलांतर कोणी करत नाही, कारण कायद्याच्या अनुसूचीत त्यांतील बहुतेकांचा उल्लेख नाही. जेथे खडप होते तेथे रस्ता झाला, की पुढील पिढीच्या प्रवाळ-अळ्यांना चिकटण्याची जागाच उरत नाही. शिवाय सर्वेक्षण प्रकल्पाच्या निमित्ताने झाले; त्यापूर्वीच्या दीर्घकालीन नोंदी हाताशी असत्या, तर किती हरवले व किती राहिले याचा हिशेब अधिक नेमका मांडता आला असता.

किनाऱ्यावरील माणसांच्या उपजीविकेचाही प्रश्न याच बदलाशी जोडलेला होता. वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांनी क्लीव्हलँड बंदराजवळील पुलाच्या खांबांमधील नियोजित ६० मीटरांचे अंतर होड्यांच्या ये-जा करण्यास अपुरे असल्याचे सांगून ते वाढवण्याची मागणी केली. दीर्घ आंदोलनानंतर हे अंतर १२० मीटर करण्याचा निर्णय झाला. त्यांच्या या मागणीमागे वारा, लाटा व खडक यांचा प्रत्यक्ष अनुभव होता. खडपांवरील जीवांविषयीही असेच अनुभवजन्य ज्ञान कोळीवाड्यात आहे. किनाऱ्याच्या अभ्यासात त्याची पद्धतशीर नोंद होणे अगत्याचे आहे.

खोल समुद्रातील प्रवाळांचा इतिहास येथे मार्गदर्शक ठरतो. नॉर्वेमध्ये आधी भित्तींचे नकाशे तयार झाले आणि त्यांच्या आधारे बंदीची क्षेत्रे आखता आली. जे ठाऊकच नाही त्याचे रक्षण करता येत नाही. वरळीच्या खडपांसाठी जहाज, जाळे किंवा पाणयान लागत नाही. ओहोटीचे वेळापत्रक, वही व कॅमेरा एवढ्या साधनांनी नोंदी ठेवता येतात.

निरीक्षण करताना घ्यावयाची काळजी

विद्यार्थ्यांनी किनाऱ्यावरील जीवांचे निरीक्षण करताना ओहोटीची वेळ आधी पाहावी आणि पाणी परतू लागण्यापूर्वी माघारी यावे. खडप निसरडे असल्यामुळे पकड असलेली पादत्राणे वापरावीत. उलटवून पाहिलेला दगड पुन्हा पूर्वीच्याच बाजूने ठेवावा. सावलीत राहणारा जीव उन्हात उघडा पडला तर थोड्याच वेळात सुकतो. प्रवाळाला नखही लावू नये व त्याचा तुकडा नमुना म्हणून घरी आणू नये. छायाचित्र घेताना शेजारी मोजपट्टी ठेवून तारीख, वेळ व ठिकाण लिहून ठेवल्यास ती नोंद पुढील अभ्यासकाला उपयोगी पडते.